काय उजेड पाडला?

आमच्या वडिलांचा सारा संसार तीन प्रश्नांवर चालला. "कुठं गेला होतास?", "किती पैसे उरले?" आणि "काय उजेड पाडला?" पहिल्या दोन प्रश्नांना, खोटं का होईना, पण उत्तर देता येत असे. तिसऱ्याला ती सोय नव्हती. प्रगतिपुस्तक हातात आलं, की वडील चष्मा कपाळावर चढवत, आधी आकड्यांकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी छताकडे पाहत, आणि छतालाच विचारल्यासारखं विचारत, "काय उजेड पाडला?" छत गप्प बसे. मीही. पुढं मी मॅट्रिक झालो, बी. ए. झालो, चंद्रपुरात एका शाळेत मराठीचा मास्तर म्हणून चिकटलो, लग्न केलं, निवृत्त झालो. प्रत्येक टप्प्यावर तो प्रश्न आपला दारात उभाच. वडील गेले, पण प्रश्न घरातच राहिला. हल्ली तो आमची ही विचारते.

तात्पर्य, उजेड पाडणं हा प्रकार आमच्या घराण्यात कुणाला साधलेला नव्हता. अशा घराण्यात गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्यानं खिशातून एक वस्तू काढली, खोलीतला दिवा मालवला आणि अक्षरशः उजेड पाडला.

हा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो हे मला तीनदा समजावून झालं आहे. आता चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटते आणि सांगायची त्याला. पण त्याचा छंद मात्र मला चटकन कळला, कारण तो भंगारवाल्याच्या जवळपासचा आहे. तो जुने व्हिडिओ गेम विकत घेतो. दिवाळीत त्यानं आणला होता तो 'गेम बॉय'. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८९ साली काढलेला, हातात धरून खेळायचा. त्याची आणि त्याच्या रंगीत धाकट्या भावाची मिळून अकरा कोटींहून अधिक नगं जगभर खपली. आमच्याकडे तो त्या काळी फारसा पोचला नाही. आमच्या मुलांच्या वाट्याला आला तो जत्रेत मिळणारा, 'एकात नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असं छातीवर लिहिलेला डबा. त्यात खेळ एकच असे आणि बाकीचे नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव त्याचेच चुलतभाऊ असत.

"काका, याची बॉडी बदलली मी," पुतण्या म्हणाला.

बॉडी! आमच्या गावाकडे हा शब्द पोलीस आणि डॉक्टर वापरतात, आणि वापरताना आवाज खाली आणतात. मी दचकलो. मग त्यानं खुलासा केला. या जुन्या यंत्रांचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, तडकतं. आतली पाटी मात्र ठणठणीत असते. म्हणून काही कारखाने नुसती बाहेरची कवचं तयार करून विकतात. यंत्राच्या पाठीला तीन पात्यांच्या खाचेचे स्क्रू असतात. ते घरातल्या पेचकसानं निघत नाहीत, त्यासाठी वेगळा पेचकस मागवावा लागतो. जुनं कवच काढायचं, आतला जीव अलगद उचलायचा आणि नव्या कवचात ठेवायचा.

"म्हणजे गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टांतच की रे हा," मी म्हटलं.

"हो काका. फक्त गीतेत स्क्रू हरवत नाहीत."

आता हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, कारण या यंत्राचा आत्मा खरोखरच चिवट आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात एका अमेरिकन जवानाचा गेम बॉय बॉम्बहल्ल्यात सापडला. त्याचं कवच भाजून, फुगून, वितळून गेलं. पण आतला खेळ चालू! ते जळकं यंत्र न्यूयॉर्कला निन्टेंडोच्या दुकानात काचेच्या पेटीत बरीच वर्षं मांडून ठेवलं होतं, आणि त्याच्या पडद्यावर ठोकळे पडतच होते. आमच्याकडचा मोबाइल लग्नाच्या पंगतीत ताकात पडला तर तेराव्यालासुद्धा हजर राहत नाही.

तर पुतण्यानं निवडलेलं कवच साधंसुधं नव्हतं. ते अंधारात चमकणारं होतं. "कसं वाटलं सांगा, काका. खरं सांगा," तो म्हणाला.

'खरं सांगा' असं कोणी मला म्हणू नये. मी एके काळचा नाट्यपरीक्षक आहे. चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात मी अकरा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांची परीक्षणं लिहिली. ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भातपिकाच्या आणि जंगलाच्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. ते रात्री उशिरा सुरू होतं आणि कोंबडा आरवल्यावर संपतं. नाटक कंपन्यांची राजधानी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. मुंबईचा परीक्षक अडीच तास बसून दोन रकाने लिहितो. मी सात तास थंडीत घोंगडी पांघरून बसत असे आणि संपादक मला अर्धा रकाना देत. तेव्हा बसण्याच्या बाबतीत माझा अधिकार कोणी नाकारू नये. मी कवच हातात घेतलं, चष्मा पुसला आणि परीक्षणाला बसलो. ते असं:

प्रथम नेपथ्य. दिवसाच्या उजेडात हे कवच पाहू नये. त्याला रंग नाही. रंगाचा विचार मनात येऊन गेल्यासारखं आहे. शिळ्या साबुदाण्यात चुकून पुदिना पडला तर जी कळा येईल ती. मूळ यंत्राचा करडा रंगही काही मदनाचा पुतळा नव्हता, पण तो निदान सरकारी कपाटासारखा प्रामाणिक होता. शिवाय बांधणीतही फरक. पुतण्यानं एक नव्हे, दोन कवचं मागवली होती. पहिलं स्वस्तात मिळालं आणि त्याच्या आतले स्क्रूचे खांब नेमक्या जागी नव्हते. ते बसवलं की 'ए' हे बटण दाबलं जाई, पण वर येत नसे. खेळातला माणूस जो उडी मारायला लागला, तो मारतच राहिला. म्हणून दुसरं, जरा महाग कवच घ्यावं लागलं. पहिलं पिशवीत तसंच पडून होतं. या पहिल्याला ध्यानात ठेवा. नाटकात पहिल्या अंकात ज्याची कोणी दखल घेत नाही असं एक पात्र असतं, ते हे.

आता प्रकाशयोजना. इथं परीक्षकाला लेखणी सरसावून बसावंच लागतं. कवच दिव्याखाली पाच मिनिटं धरलं आणि दिवा मालवला. काय सांगू! हिरवट चांदणं हातात धरल्यासारखं दिसलं. आमची ही स्वयंपाकघरातून "अगंबाई" म्हणाली. लग्नानंतर तिच्या तोंडून हा उद्गार मी दुसऱ्यांदा ऐकला. पहिला मी निवृत्तीचा फंड आणला तेव्हा. सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मी विचारलं, "आता खेळून दाखव."

पुतण्या गप्प.

कारण गंमत अशी, की कवच चमकत होतं, कडा चमकत होत्या, पाठ चमकत होती, आणि मधोमध जिथं खेळ दिसायचा, तो पडदा काळाकुट्ट! या मूळ गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नाही. भेंडीच्या भाजीच्या रंगाचा पडदा, त्यावर त्याच रंगाच्या चार छटा. बाहेरून उजेड पडला तर दिसणार, नाही तर राम. अंधारात खेळता यावं म्हणून घ्यावं असं वाटणाऱ्या या कवचामुळे अंधारात यंत्र सोडून बाकी सगळं दिसतं. उलट, भोवतालच्या हिरव्या चौकटीमुळे मधला अंधार जास्तच दाट वाटतो. झाडीपट्टीत एकदा मी असं पाहिलं होतं. झालरीला रंगीत बल्बांच्या माळा लावल्या होत्या, पडद्यावर गणपती लुकलुकत होता आणि नायिका कुठं उभी आहे हे तिनं गायला लागल्यावर कळलं.

मी त्या वेळी लिहिलं होतं, 'रंगमंच उजळला, नाटक अंधारात राहिलं.' तेच वाक्य मी पुतण्याला ऐकवलं. चांगलं वाक्य वाया घालवू नये.

पण परीक्षकानं निर्मात्यावर अन्याय करू नये, म्हणून मूळ यंत्राबद्दल हेही सांगायला हवं. पडद्याला दिवा न देणं ही चूक नव्हती, तो हट्ट होता. गुनपेई योकोई या माणसाच्या हाताखाली हे यंत्र तयार झालं. त्याचं मत असं, की नवंकोरं महाग तंत्र वापरण्यापेक्षा जुनं, स्वस्त, सरावाचं तंत्र नव्या युक्तीनं वापरावं. हे ऐकून मला तो जपानी माणूस आमच्या वडशाकडचाच वाटला. आमच्याकडे सासऱ्याचं धोतर जावयाचं उपरणं होतं, पुढं नातवाची दुपटी होतात आणि शेवटी सायकल पुसायला उरतं. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत, आतून उजळणाऱ्या पडद्याचे खेळ काढले. सेगा कंपनीचा 'गेम गिअर' १९९० साली आला. दिसायला रंभा, पण सहा सेल खाऊन तीन ते पाच तासांत मान टाकायची. योकोईचा करडा डबा चार सेलवर बारा-पंधरा तास तरी सहज चाले. रंभा मागं पडली, डबा घराघरांत गेला. उजेड असलेला गेम बॉय १९९८ साली निघाला तोही फक्त जपानात. २००१ साली नवं यंत्र आलं, त्यालाही दिवा नाही. पोरं ओरडली, तेव्हा कुठं २००३ साली दिवा आला. म्हणजे चौदा वर्षं जगभरची पोरं रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन किंवा गाडीत रस्त्यावरच्या दिव्यांच्या भरवशावर खेळत होती. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या थोर पुरुषांच्या गोष्टी मी वर्गात सांगत असे. रस्त्याच्या दिव्याखाली ठोकळे रचलेल्यांचीही एक पिढी आहे, हे मला आत्ता कळलं.

इतक्यात आमचे शेजारी आले. दाराशी थबकून म्हणाले, "अरे वा! रेडियम?"

वाचकहो, हा आपल्या भाषेचा एक मोठाच चमत्कार आहे. अंधारात जे जे चमकेल ते ते मराठीत रेडियम. बैलगाडीच्या मागची पट्टी रेडियमची, ट्रॅक्टरवरचं 'आई-बाबांचा आशीर्वाद' रेडियमचं, मोटारसायकलची नंबर पाटी रेडियमवाल्याकडची. यातल्या एकातही औषधाला रेडियम नसतं, आणि औषधालासुद्धा नसावं. मादाम क्यूरी आणि त्यांच्या यजमानांनी १८९८ साली रेडियम शोधलं आणि पुढं ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या तबकड्यांवर लावू लागले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात १९१७ पासून मुली हे काम करीत. आकडे बारीक यावेत म्हणून ब्रशाचं टोक ओठांत धरून सरळ करायचं, असं त्यांना शिकवलेलं. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली. कितीजणी गेल्या. पाचजणी कोर्टात उभ्या राहिल्या आणि १९२८ साली तडजोड झाली. रेडियम सोळाशे वर्षांनी निम्मं होतं. पण त्याच्या माऱ्यानं त्याच्या शेजारचं झिंक सल्फाइड काही वर्षांतच थकून जातं. म्हणजे घड्याळाची चमक विझते, विष मात्र मागं राहतं. अशा वस्तूचं नाव आपण लाडानं बैलगाडीला चिकटवलं आहे.

बैलगाडीची पट्टी नुसती परावर्तन करते. मोटारीचा उजेड जिथून आला तिथंच परत पाठवते. आमच्या ताडोब्याच्या रस्त्यावर रात्री जे दोन हिरवे-पिवळे दिवे दिसतात आणि ड्रायव्हर एकदम देव आठवतो, तेही तसलंच. वाघाच्या डोळ्याच्या पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. तुमचाच उजेड तो तुम्हाला परत करतो. तुमच्याकडे दिवा नसेल तर वाघाचे डोळे चमकत नाहीत. यात समाधान मानायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. काजवा मात्र खराखुरा स्वतःच्या कष्टानं उजळतो. पोटातल्या रसायनाला प्राणवायू देऊन तो थंड उजेड करतो आणि तो बहुतेक लग्न जमवण्यापुरताच वापरतो. पुढं विवाहित काजव्यांचं काय होतं, हे मी आमच्या घरात विचारलेलं नाही.

पुतण्याचं कवच या दोन्हींच्या मधलं. ते उसन्या उजेडावर जगतं, पण लगेच परत करत नाही. आमच्या काही नातलगांसारखं. जुन्या चमकणाऱ्या खेळण्यांत तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड असे, त्याची चमक थोड्याच वेळात मावळे. १९९३ साली जपानमधल्या नेमोतो कंपनीनं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही दुर्मिळ मूलद्रव्यं घालून नवी भुकटी शोधली. ती कितीतरी पट उजळ आणि तासन्‌तास टिकणारी. यात किरणोत्सर्ग नाही, विष नाही. दिव्याच्या उजेडानं आतले इलेक्ट्रॉन उड्या मारून वर जातात आणि वाटेतल्या खड्ड्यांत अडकून बसतात. मग खोलीतली साधी ऊब त्यांना एकेक करून बाहेर काढते आणि बाहेर येताना प्रत्येकजण चिमूटभर उजेड टाकतो. शिक्षा म्हणून वर्गात बसवलेली पोरं मास्तर एकेक करून सोडतो, तसं. आधी भराभर सुटतात, म्हणून पहिली दहा मिनिटं झगमगाट. शेवटची दोन-चार अंधार पडेपर्यंत रेंगाळतात. आणि हवा जितकी गरम तितकी सुटका लवकर. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, शाळाच भरणार नाही असं मला वाटतं.

तर माझं परीक्षण तयार झालं. निकाल: 'दिसायला देखणं, कामाला शून्य. नाटकाला ज्याचा उपयोग नाही अशी रोषणाई.' पुतण्यानं ते ऐकून घेतलं. गुणी मुलगा. एवढंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी आतून उजेड असलेला नवा पडदाच बसवतो." मी म्हटलं, "मग या कवचाची गरज काय?" तो म्हणाला, "काहीच नाही." कलावंताचं आणि परीक्षकाचं एकमत झालं की दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आईकडे गेलो.

माझी आई, म्हणजे पुतण्याची आजी, वडशाच्या अलीकडं एका खेड्यात राहते. वय शहाऐंशी. चंद्रपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीनं नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की वडसा. वर्षानुवर्षं अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला हेच एकुलतं रेल्वे स्टेशन होतं. जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी आम्ही सगळे एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होतो. आईला हे मान्य नाही. ती अजूनही 'चांद्याला' जाते आणि 'चांद्याहून' येते, जरी चांद्याचं चंद्रपूर १९६४ सालीच झालं. घर जुनं, मातीचं, कवेलूंचं. मागं परसात विहीर, त्यापलीकडं धान, धानापलीकडं जंगल. आमच्याकडे यायला ती तयार नाही. "तुह्या त्या शहरात चूल कुठी पेटवू?" हा तिचा युक्तिवाद.

आता एक विनोद सांगतो, जो मी केलेला नाही. चंद्रपुरात १९८३ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. आज त्याची ताकद २९२० मेगावॉट. आमचा कोळसा, आमचं पाणी, आमची राख, आमचा उन्हाळा. आणि वीज साऱ्या महाराष्ट्राची. २००५ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होतं, तेव्हा त्या धुराड्यांच्या धुराखाली राहून आम्ही हातपंख्यानं वारा घेत असू. दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत तीस वर्षं शिकवली. उदाहरण द्यायला खिडकीतून बोट दाखवणं पुरे असे. ते दिवस गेले. पण खेड्यात पावसापाण्यानं, फांदी पडल्यानं, कधी नुसती माकडानं उडी मारल्यानं रात्री वीज जायची ती जातेच.

अशाच एका श्रावणातल्या रात्री वीज गेली. आईला जाग आली. टॉर्च कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. उशाशी, दाराजवळच्या खुंटीवर, कायम तिथंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंधारात हाताला लागणं वेगळं. ती खुंटी चाचपडत गेली, पाय उंबऱ्याला लागला आणि पडली. मनगट मोडलं. सकाळी कामवाली बाई येईपर्यंत तशीच भिंतीला टेकून बसून राहिली. दार उघडून कुणाला हाक का नाही मारली, असं मी तिला नंतर चिडून विचारलं. ती म्हणाली, "परसाकडं वाघ येऊन रायला न बापा. दार कसं उघडू?" यावर मास्तरकीची तीस वर्षं काही कामाला आली नाहीत. मी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

त्या घटनेनंतर मी उपाय केले. बॅटरीवरचा दिवा आणून दिला; तो चार्ज करायचा राहिला. मोबाइल दिला, तो डब्यात ठेवला, उंदीर खाईल म्हणून. तिची साधी गोष्ट होती: टॉर्च सरावाचा आहे, टॉर्चच बरा. फक्त तो दिसला पाहिजे.

रात्री जेवणं झाली. पुतण्यानं हौसेनं आजीला चमकणारा गेम बॉय दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"का होय रे हे? काजवे कोंडले का डब्यात?"

"नाही आजी, खेळ आहे."

"खेळ कुठी दिसते त्यात?"

शहाऐंशी वर्षांची, चौथी शिकलेली बाई. अर्धा रकाना न लिहिता एका वाक्यात परीक्षण संपवलं. मी पुतण्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण त्याचं लक्ष नव्हतं. तो खुंटीकडे पाहत होता. मग उठला, पिशवीतून ते पहिलं, फसलेलं कवच काढलं, त्याची पाठ वेगळी केली, त्याच्या दोन स्क्रूच्या भोकांतून सुतळी ओवली आणि ते टॉर्चला बांधून टॉर्च खुंटीवर टांगला. समोरच भिंतीवर बल्ब. झोपेपर्यंत तो कवचावर उजेड ओतत राहिला. दिवा मालवला आणि काळ्या भिंतीवर एक हिरवी चौकट लोंबकळत राहिली.

मला झोप लागली नाही. मी परीक्षक, सात तास बसायची सवय. दहा वाजता कवच झगझगीत. बाराला फिकं. दोन वाजता मी मनाशी म्हटलं, आता विझलंच असेल, आणि पाहतो तर पुसट, पण स्पष्ट! पुतण्याला सकाळी विचारलं, तर त्यानं कारण सांगितलं. अंधारात अर्धा तास गेला की डोळ्यांतल्या ज्या पेशी मंद उजेडासाठी असतात त्या पुऱ्या जाग्या होतात, आणि त्यांना हिरवट-निळसर उजेड सगळ्यांत चांगला दिसतो. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे तर आयतेच तयार असतात. दिवा मालवल्यावर मला फिका वाटलेला उजेड, पहाटे तीन वाजता डोळा उघडणाऱ्या म्हातारीला पुरेसा होता. मी ज्या प्रयोगाला बसलो होतो, तो माझ्यासाठी नव्हताच.

त्या रात्री मला माझ्या परीक्षणातली चूक कळली. उजेड दोन प्रकारचा असतो. एक दाखवणारा: टॉर्चचा, बल्बचा, पडद्यामागचा. दुसरा नुसता दिसणारा. दुसऱ्यानं वाट दिसत नाही, अक्षर वाचता येत नाही, खेळ खेळता येत नाही. तो एवढंच सांगतो, 'मी इथं आहे.' मी दिसणाऱ्या उजेडाला दाखवणाऱ्याच्या मापानं मोजलं आणि नापास केलं. वर्गातल्या कितीतरी पोरांना मी असंच मोजलं असेल, हा विचार पहाटे तीनला येतो, तसा आला.

आणि 'मी इथं आहे' हे सांगणं काही थोडं नाही. न्यूयॉर्कच्या त्या जुळ्या मनोऱ्यांत १९९३ साली बॉम्ब फुटला, वीज गेली आणि हजारो माणसं धुरानं भरलेल्या काळोख्या जिन्यांत अडकली. त्यानंतर जिन्यांच्या पायऱ्यांना आणि कठड्यांना अंधारात चमकणारा रंग लावला गेला. २००१ साली मनोरे पडण्याआधी त्याच जिन्यांनी हजारो माणसं खाली आली, आणि त्या पट्ट्यांनी वाट दाखवली असं कितीजणांनी सांगितलं. पुढं २००४ साली तिथं उंच कचेऱ्यांच्या जिन्यांना अशा खुणा सक्तीच्या करणारा कायदाच झाला. त्या पट्टीच्या उजेडात कोणी वर्तमानपत्र वाचू शकला नसता. पायरी कुठं आहे एवढंच ती सांगत होती. पायरी कुठं आहे, एवढंच माणसाला हवं होतं.

म्हणून सुधारित परीक्षण देतो. खेळाचं कवच म्हणून: अयशस्वी. रंग: साबुदाणा. बांधणी: पहिल्याची वाईट, दुसऱ्याची बरी. जो मुलगा अंधारात खेळता येईल म्हणून ते घेईल, त्यानं पैसे वाचवून उजेडाचा पडदा घ्यावा. पण जो माणूस वीज गेल्यावर वस्तू शोधत घरभर उंबरे लाथाडतो, त्यानं ते जरूर घ्यावं आणि खेळाला सोडून बाकी कशालाही लावावं. फसलेलं मिळालं तर उत्तमच, स्वस्त पडतं.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. म्हणजे कामवाली बाईनं लावून दिला. डब्यातून मोबाइल बाहेर निघाला होता, हीच बातमी.

"रात्री लाइन गेली होती," आई म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. "मग? पडलीस का?"

"काहून पडीन? डोळा उघडला त समोर टॉर्च दिसला. घेतला, लावला, पाणी पेलं, झोपलो." क्षणभर ती थांबली. मग वडिलांच्याच आवाजात, छताकडे पाहत बोलावं तशी म्हणाली, "पोट्ट्यानं उजेड पाडला बापा."

मी फोन ठेवला. आमच्या घराण्यात हे वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय उच्चारलं गेल्याची ही पहिलीच वेळ. आत जाऊन मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "पुतण्यानं पाडला. तुम्ही काय पाडला?"

छत गप्प होतं. मीही.